ऐच्छिक म्हणजे कोणाच्या इच्छेने?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला)

राज्यशास्त्राच्या अंतर्गत चाचणीत 'एका वाक्यात उत्तरे लिहा' या सदराखाली एक प्रश्न होता : अमेरिकेतील सैन्यभरती कोणत्या स्वरूपाची आहे? मी लिहिले, 'अमेरिकेतील सैन्यभरती १९७३ पासून ऐच्छिक स्वरूपाची आहे.' सरांनी त्यापुढे तांबड्या शाईने बरोबरची खूण केली आणि एक गुण दिला. मिळालेला गुण कोणी परत करीत नाही. मीही केला नाही. परंतु त्या 'ऐच्छिक' शब्दाने त्या दिवसापासून माझी पाठ सोडलेली नाही.

वाचकहो, 'ऐच्छिक' हा शब्द आपल्या सर्वांच्याच ओळखीचा आहे. प्रवेश घेताना आपण ऐच्छिक विषय निवडतो. मला अर्थशास्त्र हवे होते. खिडकीतून उत्तर आले, "राज्यशास्त्र नाहीतर भूगोल. अर्थशास्त्राच्या जागा भरल्या." मी राज्यशास्त्र घेतले. कागदोपत्री ती माझी इच्छा. (पुढे विषय आवडला ही गोष्ट वेगळी. सरांनी गैरसमज करून घेऊ नये.)

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. अण्णा चौथीपर्यंत शिकले, आईने शाळा बाहेरूनच पाहिली. माझा थोरला भाऊ बारावीनंतर सैन्यात गेला. चार वर्षांच्या बोलीवर, अग्निवीर म्हणून. माझी फी आणि खोलीचे भाडे त्याच्या पगारातून येते. तो स्वतःच्या इच्छेने गेला असे घरी सगळे सांगतात. तोही तेच सांगतो. तेव्हा अमेरिकेतल्या सैन्याविषयी आणि तिथल्या गरीब-श्रीमंतांविषयी लिहिताना मी काही त्रयस्थ नाही. परंतु लेख अमेरिकेवरच आहे, कारण तिथे ही गोष्ट दीडशे वर्षांहून अधिक काळ उघड्यावर घडत आली आहे आणि तिथली माणसे तिच्यावर मोकळेपणाने भांडलीही आहेत.

सुरुवात यादवी युद्धापासून करावी लागते. १८६३ मध्ये लिंकनच्या सरकारने सक्तीच्या भरतीचा कायदा केला. त्यात एक सवलत होती : ज्याचे नाव निघेल त्याने ३०० डॉलर भरले, किंवा आपल्या जागी दुसरा माणूस दिला, की त्याची सुटका. ३०० डॉलर म्हणजे त्या वेळच्या मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी, सावकारी पेढीचे जे. पी. मॉर्गन आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रोव्हर क्लीव्हलंड या तिघांनीही पैसे मोजून बदली माणूस धाडला. युद्ध धनिकांचे आणि लढाई गरिबांची, असे लोक तेव्हापासून म्हणू लागले. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या कायद्याविरुद्ध दंगल उसळली. दंगल करणारे बहुतेक आयरिश मजूर होते. त्यांचा राग रास्त होता. पण तो निघाला कोणावर? त्यांच्याहूनही गरीब असलेल्या काळ्या लोकांवर. काळ्या अनाथ मुलांचा आश्रमसुद्धा त्यांनी जाळला. गरिबाचा राग वरच्याला क्वचितच पोहोचतो, वाटेत जो दुबळा भेटेल त्याच्यावर रिता होतो. हे काही अमेरिकेतच घडते असे नाही.

शंभर वर्षांनी व्हिएतनाम युद्ध आले. आता ३०० डॉलरची बेशरम अट राहिली नव्हती. तिच्या जागी अधिक सभ्य अट आली होती : महाविद्यालय. जो तरुण महाविद्यालयात पूर्णवेळ शिकत असेल त्याला शिक्षण पुरे होईपर्यंत भरतीतून सूट मिळे. वाचायला किती चांगले वाटते! राष्ट्राला विद्वान हवेत, विद्यार्थ्याला सांभाळावे. परंतु महाविद्यालयात जात कोण होते? ज्याच्या बापाला फी झेपत होती तो. खाणीतल्या, गिरणीतल्या, शेतावरच्या मजुराचा मुलगा अठराव्या वर्षी कामाला लागे आणि एकोणिसाव्या वर्षी त्याला पत्र येई. ख्रिश्चन ॲपी या इतिहासकाराने १९९३ साली या विषयावर पुस्तक लिहिले. व्हिएतनामला गेलेल्या साध्या शिपायांपैकी सुमारे ८० टक्के कामगार व गरीब घरांतले होते असा त्यांचा हिशेब आहे. त्या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकन मेले. व्हिएतनामी माणसे किती मेली याची मोजदाद लाखांत करावी लागते.

मी हे वाचले तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत होते. एकोणीस वर्षांची, महाविद्यालयाचे ओळखपत्र गळ्यात. असे ओळखपत्र त्या वेळी तिथल्या मुलाच्या गळ्यात असते तर तो जिवंत राहण्याची शक्यता वाढत होती, हे लक्षात आल्यावर मी ते काढून टेबलावर ठेवले. उगीचच.

मुष्टियोद्धा मुहम्मद अली याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तिचा पहिला भाग फारसा कोणी सांगत नाही. १९६४ मध्ये अली सैन्याच्या लेखी चाचणीत नापास झाला होता. युद्धाला माणसे कमी पडू लागली तशी १९६६ मध्ये उत्तीर्णतेची पातळी खाली आणली गेली आणि कालचा नापास विद्यार्थी काहीही अभ्यास न करता पास झाला! १९६७ मध्ये त्याने सैन्यात जायला नकार दिला. विजेतेपद गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्याच १९६६ साली संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनी चाचणीत कमी पडणाऱ्या तरुणांना सैन्यात घेण्याची मोठी योजना काढली आणि ती गरिबांच्या उन्नतीची योजना म्हणून सांगितली. तीन लाखांहून अधिक मुले तिच्यातून भरती झाली. ज्यांना शाळेने काही शिकवले नाही त्यांना सैन्य शिकवील, असा तो युक्तिवाद होता.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी या सगळ्याचा हिशेब ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये मांडला. गरिबी हटवण्यासाठी काढलेले कार्यक्रम युद्धाच्या खर्चाने गिळले, हे त्यांनी सांगितले. आणि ज्या काळ्या-गोऱ्या मुलांना आपला देश एका शाळेत शेजारी बसवू शकला नाही, ती मुले परक्या देशात शेजारी उभी राहून मारतात आणि मरतात, हेही सांगितले. त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या बाजूची वर्तमानपत्रेसुद्धा त्यांच्यावर उलटली. नागरी हक्कांचे बोला, परराष्ट्र धोरणात तुम्हाला काय कळते, असा सूर होता. बरोबर एका वर्षाने, ४ एप्रिल १९६८ रोजी, मेम्फिस शहरात त्यांची हत्या झाली. तिथे ते कशासाठी गेले होते? सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला. किंग म्हटले की आपल्या पाठ्यपुस्तकात १९६३ चे स्वप्नाचे भाषण येते. ही शेवटची दोन वर्षे येत नाहीत.

१९७३ मध्ये सक्तीची भरती संपली. इथून पुढे माझ्या त्या एका गुणाचा भाग सुरू होतो.

सक्ती संपावी असे म्हणणाऱ्यांत युद्धविरोधी तरुण तर होतेच, पण मिल्टन फ्रीडमन यांच्यासारखे बाजाराचा पुरस्कार करणारे अर्थशास्त्रज्ञही होते. त्यांचे म्हणणे साधे होते : माणसाला ओढून नेणे ही गुलामगिरी आहे, पुरेसा पगार आणि सोयी द्या, ज्याला हवे तो येईल. तर्काला जागा कुठे सापडत नाही. मलाही सापडली नसती. फक्त एवढेच की बाजारात दोघे उभे असतात, एकाला वस्तू हवी असते आणि दुसऱ्याला पैशाची निकड असते. आमच्या गावच्या आठवडी बाजारात बैल विकायला आणणारा प्रत्येक शेतकरी स्वखुशीनेच आणतो. दुष्काळात बाजारात बैल जास्त का येतात, हे मात्र अर्थशास्त्राच्या पुस्तकात पाहावे लागत नाही.

आता तिथल्या शाळेचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. गरीब वस्तीतली माध्यमिक शाळा. जेवणाच्या सुट्टीत कडक इस्त्रीच्या गणवेशातला भरती अधिकारी टेबल मांडून बसला आहे. तो धमकावत नाही, हसून बोलतो, मुलांची नावे त्याला ठाऊक असतात. नावे कशी ठाऊक? २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांच्या सहीने जो मोठा शिक्षण कायदा झाला, एकही मूल मागे राहू नये अशा नावाचा, त्यातच तरतूद होती की सरकारी अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांनी विद्यार्थ्यांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक सैन्याच्या भरती अधिकाऱ्यांना मागितल्यावर द्यावेत. पालकांनी लेखी हरकत घेतली तरच नाव वगळायचे. एकही मूल मागे राहू नये! कायद्याचे नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती असे म्हणावे, की मुळीच नव्हती असे म्हणावे, हे मी वाचकांवर सोपवते.

तो अधिकारी काय देऊ करतो? पगार, औषधपाणी, राहायला जागा. ज्या देशात तासाचे किमान वेतन केंद्रीय कायद्याने २००९ मध्ये सव्वासात डॉलर ठरले आणि मग त्यावरून हलले नाही, तिथे हे कमी नाही. परंतु त्याच्या पेटीतला हुकमी पत्ता निराळाच असतो : शिक्षण. २००८ च्या कायद्याप्रमाणे तीन वर्षे सेवा केली की सरकारी विद्यापीठाची पूर्ण फी आणि वर राहण्याचा खर्च सरकार देते. व्हिएतनामच्या काळात महाविद्यालयात असणे हा सैन्यापासून वाचण्याचा रस्ता होता. आता महाविद्यालयात जाण्याचा रस्ताच सैन्यातून जातो. बाहेरून पाहिले तर सगळे उलटे झाले आहे. आत पाहिले तर रांगेत उभा असलेला मुलगा तोच आहे.

आणि जो सैन्यात जात नाही तो शिकतो कसा? कर्ज काढून. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचे शैक्षणिक कर्ज दीड लाख कोटी डॉलरच्या वर गेलेले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी यातले काही कर्ज माफ करण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी इंडियाना राज्याचे रिपब्लिकन खासदार जिम बँक्स यांनी जाहीरपणे हरकत नोंदवली. हरकत काय, तर कर्जमाफीमुळे सैन्यभरतीचे एक मोठे साधन कमकुवत होते! वाचून मला आधी राग आला, मग त्या गृहस्थांचे आभार मानावेसे वाटले. जी गोष्ट सिद्ध करायला अभ्यासकांना ग्रंथ लिहावे लागतात ती त्यांनी एका वाक्यात कबूल केली. मुलांच्या डोक्यावर कर्ज असले पाहिजे, नाहीतर सैन्यात कोण येईल? त्या वर्षी अमेरिकन भूदलाला ठरल्यापेक्षा सुमारे १५ हजार माणसे कमी मिळाली होती, त्यामुळे चिंता खरीच होती. पुढे जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कर्जमाफी रद्द ठरवली. खासदारांची चिंता मिटली असावी.

आत जाणे ऐच्छिक, निदान बाहेर पडणे तरी ऐच्छिक असावे? तेही नाही. इराक युद्धात ज्यांच्या कराराची मुदत संपली होती अशा हजारो शिपायांना 'स्टॉप-लॉस' नावाच्या नियमाने सक्तीने थांबवून घेण्यात आले. सही करताना जी इच्छा लागते ती एकदाच लागते.

हा लेख लिहिताना कच्चा खर्डा सरांना दाखवला. त्यांनी एक आक्षेप घेतला, तो लपवणे बरे नव्हे. सर म्हणाले, "तुझे चित्र जरा भडक आहे. आजच्या अमेरिकन सैन्यात अगदी तळातली मुले कमीच आहेत. मधल्या थरातली जास्त आहेत. आकडे पाहा." मी पाहिले आणि सरांचे बरोबर निघाले. शाळा पुरी केलेली असावी लागते, लेखी चाचणी पास व्हावी लागते, गुन्ह्याची नोंद नसावी लागते. सगळ्यांत गरीब मुलगा या चाळणीतून पुष्कळदा गळतो. त्याला सैन्यसुद्धा नको असते. म्हणजे सैन्यात जातो तो ज्याच्या घरी चूल पेटते पण फी भरता येत नाही असा. दहावी-बारावी झालेला, तब्येतीने धडधाकट, सरळमार्गी, घरची जबाबदारी ओळखणारा. सर, तुमच्या आक्षेपाने माझे चित्र पुसले गेले नाही. उलट त्यातला चेहरा मला अधिक ओळखीचा वाटू लागला.

आणि त्याच आकड्यांत दुसरे टोकही आहे. सर्वांत श्रीमंत घरांतली मुलेही सैन्यात कमी आहेत, आणि त्यांना कोणी चाळणीने गाळलेले नाही. आजच्या अमेरिकेत शंभरातला एक माणूसही सैन्यात नाही. जे भरती होतात त्यांतल्या बहुसंख्यांच्या घरात आधी कोणीतरी सैन्यात होते. बाप गेला म्हणून मुलगा, काका गेला म्हणून पुतण्या. आपल्याकडे अशाला काय म्हणतात ते सांगायला नको. वंशपरंपरेने एकच काम करणारा आणि बाकीच्यांशी फारसा संबंध नसलेला असा गट म्हणजे जातच की! निवडणुकीपूर्वी प्रत्येक उमेदवार त्यांना सलाम करतो, विमानतळावर लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या वाजवणाऱ्याचा मुलगा मात्र दुसऱ्या रांगेत असतो.

निर्णय घेणाऱ्यांकडे पाहा. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या संसदेत दर दहांतले सात सदस्य स्वतः सैन्यात काम केलेले होते. आज पाचवा हिस्सासुद्धा नाही. व्हिएतनामच्या वयाची जी पिढी होती तिच्यातून चार राष्ट्राध्यक्ष झाले : क्लिंटन, धाकटे बुश, ट्रम्प आणि बायडन. चौघांपैकी एकही व्हिएतनामला गेला नाही. ट्रम्प यांना चार वेळा शिक्षणासाठी आणि एकदा टाचेच्या हाडासाठी सूट मिळाली. बायडन यांना शिक्षणासाठी पाच वेळा मिळाली, आणि पुढे दम्यामुळे ते अपात्र ठरले. बुश टेक्सासच्या हवाई रक्षक दलात राहिले. इराक युद्धाचे मोठे पुरस्कर्ते उपाध्यक्ष डिक चेनी यांनीही पाच वेळा सूट घेतली होती. त्या वर्षांत मला याहून महत्त्वाची कामे होती, असे ते पुढे म्हणाले. जे खरोखर गेले ते अल गोर, जॉन केरी आणि जॉन मॅकेन. तिघेही अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि तिघेही पडले. यात पक्ष पाहू नका. दोन्ही पक्ष या बाबतीत एका माळेचे मणी आहेत.

ज्याला मुलगा पाठवायचा नाही त्याने निदान पैसा तरी पाठवावा? पूर्वी तसे होत असे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, सर्वांत वरच्या उत्पन्नावर अमेरिकेत ९४ टक्के कर होता. व्हिएतनामच्या वेळी १९६८ मध्ये जादा अधिभार बसवला गेला. परंतु सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अध्यक्ष बुश यांनी जनतेला सांगितले की विमानाने फिरा, मुलाबाळांना घेऊन फ्लोरिडाला डिस्ने वर्ल्ड बघायला जा. मार्च २००३ मध्ये इराकवर चढाई झाली आणि दोनच महिन्यांनी, मे मध्ये, कर कमी करण्याच्या कायद्यावर सही झाली. त्यातला मोठा लाभ श्रीमंतांना मिळाला. युद्ध उधारीवर लढले गेले. ब्राउन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये केलेल्या हिशेबाप्रमाणे २००१ नंतरच्या युद्धांचा खर्च, जखमी सैनिकांची पुढची शुश्रूषा धरून, सुमारे ८ लाख कोटी डॉलर होतो, आणि प्रत्यक्ष लढाईत मेलेली सर्व देशांची माणसे ९ लाखांच्या आसपास. ज्या संहारक शस्त्रांसाठी इराकवर चढाई केली ती सापडलीच नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावरील स्फोटात जे १३ अमेरिकन सैनिक मेले त्यांतले पाच जण वीस वर्षांचे होते. युद्ध सुरू झाले तेव्हा ती तान्ही मुले होती. त्याच स्फोटात शंभराहून अधिक अफगाण माणसे मेली, त्यांची वये मला कुठे छापलेली आढळली नाहीत.

यावर उपाय म्हणून एका माणसाने मोठी गंमत केली. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातून निवडून येणारे चार्ल्स रँगेल हे काळे खासदार स्वतः कोरियाच्या युद्धात लढलेले. इराक युद्धाच्या तोंडावर, जानेवारी २००३ मध्ये, त्यांनी सक्तीची भरती पुन्हा सुरू करण्याचे विधेयक आणले. आपली मुले जाणार असे कळले तर हे सभासद युद्धाला मत देण्यापूर्वी दोनदा विचार करतील, हा त्यांचा हेतू. २००४ मध्ये ते मतदानाला आले आणि ४०२ विरुद्ध २ मतांनी पडले. रँगेल यांनी स्वतःही विरुद्ध मत दिले! पण जे सांगायचे ते सांगून झाले होते. युद्धाला पाठिंबा देणारे पुष्कळ होते, मुलगा द्यायला दोघेच.

मलाही सक्तीची भरती नको आहे. १८६३ आणि १९६६ वाचल्यावर ती न्याय्य होईल यावर माझा विश्वास नाही. पैसेवाल्याला टाचेचे हाड सापडतेच. माझे म्हणणे इतकेच आहे की जे सरकार तीन वर्षे बंदूक धरणाऱ्याची फी भरू शकते ते न धरणाऱ्याचीही भरू शकते. पैसा नाही हे खोटे आहे. २०२४ मध्ये जगभर सैन्यावर जो खर्च झाला त्यातला एकतृतीयांशाहून अधिक एकट्या अमेरिकेचा होता. फी माफ झाली आणि तरीही जो सैन्यात गेला, तो ऐच्छिक.

या संदर्भात आजचे अमेरिकन उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचे चरित्र मला फार विचारात पाडते. ओहायो राज्यातल्या पोलाद कारखान्याच्या गावात, मोडक्या संसारात, आजीने वाढवलेला मुलगा. २००३ मध्ये शाळा संपताच मरीन दलात गेला, २००५ मध्ये इराकला जाऊन आला. मग सैनिकांच्या शिक्षण योजनेच्या पैशावर ओहायोच्या सरकारी विद्यापीठात आणि पुढे येल विद्यापीठात कायदा शिकला. हे वाचताना मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या हे कबूल करते. २०२४ च्या पक्षाधिवेशनात इराक युद्धाने आपल्यासारख्या गावांतली मुले नेली हेही ते बोलले. आणि नंतर? जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले, त्याचे समर्थन त्यांनी केले. १ जुलै २०२५ रोजी सिनेटमध्ये ५० विरुद्ध ५० मते पडली तेव्हा व्हान्स यांच्या एका मताने ट्रम्प यांचे अर्थविधेयक संमत झाले. त्यात श्रीमंतांच्या करसवलती कायम झाल्या, सैन्याला सुमारे १५० अब्ज डॉलर जादा मिळाले आणि गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याला मोठी कात्री लागली. त्या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी माणसे विम्याशिवाय राहतील असा तिथल्या संसदेच्याच अर्थविभागाचा अंदाज आहे. शिडीने वर गेलेल्याने खालच्या पायऱ्या कापाव्यात, आणि त्याही आपल्या हाताने! पहिल्या पिढीच्या आम्हा मुलांना याची भीती वाटली पाहिजे. मला वाटते.

सैन्याने शिक्षण दिले म्हणून सैन्यच वाईट, असे मी म्हणत नाही. म्हणण्याचा अधिकारही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. ज्यांना गावची शाळा दाराबाहेर उभे करीत होती त्यांना पलटणीने अक्षरओळख दिली, आणि त्या घरातला मुलगा १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. उपकार पलटणीचे मानावेत, पण गावच्या शाळेला सोडू नये. अमेरिकेत १९४४ चा सैनिक शिक्षण कायदा झाला तेव्हा लाखो गोरे सैनिक पदवीधर झाले; दक्षिणेतल्या काळ्या सैनिकांना मात्र बहुतेक विद्यापीठांचे दरवाजे आणि बँकांची घरकर्जे बंदच राहिली. गणवेश एकच होता.

दिवाळीनंतर दादाचा फोन आला. तिकडे थंडी पडली होती. मी म्हटले, वार्षिक अंकासाठी लेख लिहितेय, अमेरिकेच्या सैन्यावर. तो हसला, "काय गं, इथलं सोडून तिकडलं?" मग त्याने विचारले, "तिकडं सुटून आल्यावर कॉलेजात घेत्यात का?" मी म्हटले, "घेतात. फी सरकार भरतं." थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मला वाटले रेंज गेली.

"किती वर्षं लागत्यात त्याला?"

"तीन."

"माझी चार हुतील पुढल्या साली," तो म्हणाला. मग लगेच, "तुझ्या दुसऱ्या सत्राची फी भरली का? आईला सांगू नको, मला सांग."